परसातली बोर आणि पाखरांचं पाणी



नोव्हेंबर महिन्यात आपण सगळेच शाळेत पक्षी सप्ताह साजरा करतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवून दिला आहे. त्या आठवड्यात चित्रं निघतात, घोषवाक्यं होतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून, पाणी भरून झाडाला टांगल्या जातात आणि फोटो ग्रुपवर जातात. मग आठ-दहा दिवसांनी एखादे पालक गेटवर गाठतात आणि विचारतात, "बाई, पोरानं बाटली टांगलीय, पण एक पाखरू येईना. असं का ओ?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर गेटवर उभं राहून देता येत नाही, म्हणून हा लेख. माझं शिक्षण डीएड. मी पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही. पण घरामागच्या परसात गेली नऊ वर्षं जे पाहते आहे आणि वर्गात मुलांबरोबर जे पडताळून पाहिलं आहे, तेवढं सांगते.

आधी आमची जागा कशी आहे ते सांगायला हवं, कारण कोकणातल्या किंवा पुण्यातल्या बागेचं गणित आम्हाला लागू पडत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात राहते. आमच्याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आम्ही पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. 'पर्जन्यछाया' शिकवायला मला फळ्यावर आकृती काढावी लागत नाही. जुलैत खिडकीतून वर बघा म्हटलं की झालं. ढग रोज डोक्यावरून जातात, थांबत नाहीत.

घरामागचा परस साधारण तीस फूट बाय वीस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या थोडा वर. त्यात एक बोर आहे, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. एक शेवगा, एक कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ, लिंबू आणि हंगामाप्रमाणे चार वांगी-मिरच्या. मागे दगडी गडगा. एवढंच. याला कुणी बाग म्हणणार नाही, पण गेल्या वर्षभरात या जागेत आम्ही चोवीस जातींचे पक्षी वहीत लिहिले आहेत.

आता पाण्याचं. आमच्याकडे सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे.

एप्रिल उजाडला की आमच्या भागात टँकर सुरू होतो. दारात दोनशे लिटरची बॅरलं रांगेने उभी असतात आणि टँकर आला की सगळी गल्ली पळते. अशा दिवसांत मी परसात पाखरांसाठी पाण्याचं परळ मांडलं, तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सरळच म्हणाल्या, "माणसास्नी हंडाभर पानी मिळंना आन् तू पाखरास्नी अंघुळी घालाय निघालीस व्हय?"

हे वाचून तुम्ही आत्यांना नावं ठेवू नका. त्यांनी १९७२ चा दुष्काळ लहानपणी पाहिला आहे. पाण्यासाठी दोन-दोन मैल चालल्या आहेत. ज्या बाईने हंडा डोक्यावर वाहिलाय, तिने असा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी हिशोब मांडायचं ठरवलं आणि तोच हिशोब दुसऱ्या दिवशी चौथीला उदाहरण म्हणून घातला. परळात सकाळी एक लिटर पाणी, दुपारी परत अर्धा लिटर. रोजचं दीड लिटर. महिन्याचे तीस दिवस धरले तर पंचेचाळीस लिटर. बॅरल दोनशे लिटरचं. म्हणजे महिन्याला पाव बॅरलसुद्धा लागत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी परळात उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात जातं, म्हणजे वाया काहीच नाही. वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, मंग आमच्या घरी दात घासताना नळ सुरू ठेवत्यात त्याचं किती हुतं?" तो तास पुढे भलताच रंगला.

आत्यांनी हिशोब ऐकला, काही बोलल्या नाहीत. त्यांचा होकार असाच असतो. मे महिन्यात मला चार दिवस प्रशिक्षणाला जावं लागलं. परत आले तेव्हा परळ भरलेलं होतं आणि मधला दगडही घासलेला होता. कुणी भरलं असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता ती टांगलेली बाटली रिकामी का राहते, ते बघू. होला किंवा साळुंकी पाणी प्यायला येते तेव्हा तिला आधी पाय टेकायला जागा लागते. कापलेल्या बाटलीची कड गुळगुळीत असते, वाऱ्याने ती हलते, त्यातून आत किती खोल पाणी आहे याचा पाखराला अंदाज येत नाही. कुंभाराकडचं मातीचं उथळ परळ यापेक्षा कितीतरी चांगलं. पाणी दोन बोटं खोल असावं, मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. परळ सावलीत असावं. झुडपाजवळ असावं म्हणजे पाखराला पटकन आडोशाला जाता येतं, पण झुडपाला अगदी चिकटून नको. कारण त्याच झुडपात मांजर दबा धरून बसतं. मधे चार-पाच फूट मोकळी जमीन असली की पाखराला मांजर दिसतं आणि उडायला वेळ मिळतो.

परळ एक दिवसाआड काथ्याने घासायचं, साबण नको. हे शेवाळासाठीही आणि डासांसाठीही. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. रोज पाणी बदललं तर भीती राहत नाही. पालकांच्या मनात हा प्रश्न असतो, बरेच जण विचारायला संकोचतात, म्हणून सांगितलं.

मुलांना परळाजवळ (म्हणजे खिडकीआड!) बसवून एक निरीक्षण जरूर करायला लावा. चिमणी, बुलबुल, साळुंकी पाणी कसं पितात? चोचीत थेंब घेतात, मान वर करतात, गिळतात. परत खाली, परत वर. आणि होला? तो चोच बुडवतो आणि मान वर न करता पाणी ओढून घेतो, आपण नळीने उसाचा रस ओढतो तसं. कबुतराच्या कुळाचं हे वैशिष्ट्य आहे. पुस्तकात वाचून पाठ केलेली मुलं हे विसरतात. एकदा डोळ्याने बघितलेली विसरत नाहीत. शिंजीर मात्र परळावर क्वचितच येतो. मी केळीवर पाणी शिंपडलं की तो ओल्या पानावर घसरत अंघोळ करतो. एवढासा जीव, पण थाट मोठा.

पाण्यानंतर झाडं. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे नवीन घर झालं की परसात फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक आणि कडेने नर्सरीतल्या कुंड्या. पाम, क्रोटन, 'शो'ची झाडं. ती दिसायला छान असतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण पाखराच्या बाजूने विचार केला तर त्या पामवर फळ कुठे आहे? मध कुठे आहे? अळी कुठे आहे? ज्या झाडाला आपल्याकडची कीड लागत नाही, त्या झाडावर कीड खाणारं पाखरू कशाला येईल?

आमच्या परसात सगळ्यात जास्त वर्दळ असते ती बोरीवर आणि हे मला नर्सरीवाल्याने नाही, आत्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षी मी जास्वंद लावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "तू काय बी लाव. पाखरू काट्यातच घर करतं. मांजराच्या पंजाला काटा कळतो." नंतर मी लक्ष ठेवून बघितलं. पावसाळा सरता सरता बोरीला हिरवट-पिवळी बारीक फुलं येतात. माणसाचं त्यांच्याकडे लक्षही जात नाही. पण त्यावर माश्या, गांधीलमाश्या, मधमाश्या एवढ्या येतात की झाड गुणगुणतं. त्या माश्यांसाठी वेडे राघू आणि कोतवाल येतात. थंडीत बोरं पिकली की बुलबुल, साळुंक्या, कधी पोपट. उन्हाळ्यात होल्याचं घरटं. घरटं कसलं, दहा-बारा काड्या आडव्यातिडव्या टाकलेल्या. खालून बघितलं तर अंडी दिसतात. सुगरणीचं कौतुक सगळ्या पुस्तकांत असतं, होल्याच्या या निष्काळजी संसाराबद्दल कुणी लिहीत नाही. पण त्याची पिल्लं वाढतात, काट्यांमुळे.

ज्यांच्याकडे बोर नाही त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. जास्वंद, डाळिंब, केळ, शेवगा, हादगा यांच्या फुलांवर शिंजीर येतो. जास्वंदीच्या फुलात तो समोरून चोच घालत बसत नाही, देठाच्या बाजूने भोक पाडून मध चोरतो. तुती लावा, वर्ष-दोन वर्षांत फळ देते. पपईच्या शेंड्याची दोन फळं काढू नका. मिरचीच्या झाडावर चार मिरच्या लाल होऊ द्या, बुलबुल त्या आवडीने खातो. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, हे सांगितल्यावर माझ्या वर्गात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणाच्या शेताला बांध असेल तर पळस, पांगारा, काटेसावर यांपैकी एखादं जगवा. थंडी सरताना ही झाडं निष्पर्ण होऊन फुलतात आणि तेव्हा रानात दुसरीकडे फारसं काही नसतं. पाण्याची सोय असेल तिथे उंबर. आपला राज्यपक्षी हरियल आणि तो 'टुक टुक टुक' करणारा तांबट, दोघेही उंबरासाठी वेडे. घाणेरी मात्र लावू नका. फुलं सुंदर असतात, पाखरं फळंही खातात, पण तिचं बी ती माळभर पसरवतात आणि ती परदेशी झुडपं आपलं गवत मारतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती विशेषतः बायकांना सांगते. परस झाडून लख्ख ठेवणं ही आपल्याकडे सुनेची परीक्षा असते. पाहुणे आले की आधी मागचं दार उघडून बघतात. मी एका कोपऱ्यात सहा फूट बाय सहा फूट जागा न झाडता ठेवली आहे. तिथे बोरीचा, शेवग्याचा पाचोळा पडतो, कुजतो. सातभाई रोज सकाळी टोळीने येतात आणि तो पाचोळा उलथापालथा करतात, भांडतात, ओरडतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. दयाळही तिथेच उतरतो. नणंदबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी न बोलता खराटा उचलला होता. आता त्यांच्या मुलांना तोच कोपरा बघायचा असतो.

औषध फवारणीबद्दल. आमचे मिस्टर शेती बघतात, पाठीवरचा पंप घरातच असतो. परसातल्या वांग्यावर कीड दिसली की त्यांचा हात पंपाकडे जाणारच, त्यात त्यांचं चूक काही नाही. रानात पोट त्यावर आहे. पण परसात फवारायचं नाही, एवढं आमचं ठरलं. कारण असं की चिमणीसारखे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवतात. आपण दाणे टाकले आणि अळ्या मारल्या, तर पिल्लाच्या चोचीत काय जाणार? लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर हमखास एक अळी दिसते. लहान असताना ती थेट पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पाखराने खाऊ नये म्हणून पाखराचंच सोंग! पुढे ती हिरवी होते आणि तिचं फुलपाखरू होतं. परिसर अभ्यासातलं 'जीवनचक्र' शिकवायला याहून स्वस्त साधन नाही. एक फांदी बरणीत घाला, रोज ताजी पानं द्या. पानं जातात थोडी, वांग्यातलीही काही किडकी निघतात. किडकं तेवढं कापून बाकीचं भाजीत घालायचं, आपल्या आज्या हेच करायच्या.

त्याच वांग्यावर गेल्या पावसाळ्यात शिंप्याने घरटं केलं. शिंपी म्हणजे तो उभ्या शेपटीचा, हिरवट पाठीचा, तांबड्या डोक्याचा चिमुकला. आकाराच्या मानाने आवाज फारच मोठा. त्याने वांग्याची दोन पानं जवळ ओढून, कडांना भोकं पाडून, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने शिवली होती. माझी मुलगी दुसरीत आहे. तिला वाटलं मी शिवलं. घरटं जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर आणि गल्लीत तीन मांजरं. मी आत्यांचंच तत्त्व वापरलं आणि बोरीच्या काटेरी फांद्या तोडून वांग्याभोवती रचल्या. एका बाजूने पाखराला जाण्यायेण्यापुरती वाट ठेवली. त्या आळ्यात तीन आठवडे कुणी खुरपं घातलं नाही. तीन अंडी होती. तिसऱ्याचं काय झालं माहीत नाही, दोन पिल्लं उडाली.

पिल्लांवरून आठवलं. उन्हाळ्यात मुलं हमखास एखादं 'पडलेलं' पिल्लू शाळेत घेऊन येतात. पिसं फुटलेलं, शेपूट आखूड, नीट उडता न येणारं असं पिल्लू बऱ्याचदा पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आई-बाप जवळच असतात. ते उचलून जवळच्या फांदीवर ठेवायचं आणि दूर व्हायचं. 'माणसाने हात लावला की आई जवळ घेत नाही' ही समजूत खरी नाही. घरी नेऊन दूध-पाव भरवणं मात्र जीवघेणं ठरतं. आणि पोपटाचं पिल्लू कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

दाण्यांबद्दल थोडक्यात सांगते. मूठभर बाजरी किंवा ज्वारीच्या कण्या पुरेत. शेव, फरसाण, मीठ-तेलाचं उरलंसुरलं नको. कच्चा तांदूळ पाखराच्या पोटात फुगतो आणि ते मरतं, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं; तसं काही होत नाही. संध्याकाळी उरलेले दाणे झाडून घ्यायचे. ही आत्यांची अट आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. दाणे राहिले की उंदीर येतात, उंदरामागे साप. अन्नसाखळी आपण चौथीत शिकवतो, ती परसात नको असेल तर खराटा हवा. शहरातल्या पालकांनी बाल्कनीत दाणे टाकताना जास्त जपावं, कारण तिथे येतात ती कबुतरंच. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काहींना फुप्फुसांचा त्रास होतो. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून किती वादंग झाला ते आपण वाचलंच आहे.

आता लाकडी घरट्यांकडे येऊ. २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो २०१० पासून साजरा होतो आणि त्याची सुरुवात आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने केली, हे मुलांना अभिमानाने सांगा. 'चिमण्या संपल्या' असं मात्र सरसकट सांगू नका. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालानुसार मोठ्या महानगरांत त्या घटल्या असल्या तरी एकूण देशात त्यांची संख्या साधारण स्थिर आहे. आमच्याकडे त्या भरपूर आहेत. त्यांना जागा मात्र राहिलेली नाही. जुन्या धाब्याच्या घरांना वाशांमध्ये फटी असायच्या, भिंतीत देवळ्या असायच्या. स्लॅबच्या घराला फट कुठून असणार? मग त्या मीटरच्या पेटीत शिरतात, फोटोच्या मागे शिरतात आणि पंख्यात सापडतात. घरटं लावायचं तर भोक सव्वा इंचाचं असावं. त्याहून मोठं केलं की साळुंकी शिरते. आठ-नऊ फूट उंचीवर, उन्हापावसाच्या आडोशाला, भिंतीला पक्कं ठोकायचं. दोरीने टांगून झुलतं ठेवायचं नाही. आणि त्यात बुलबुल येईल अशी वाट बघू नका. बुलबुल, शिंपी, शिंजीर हे ढोलीत राहणारे पक्षीच नाहीत. त्यांचं लाकडी घर म्हणजे तुमचं झाड.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक प्रसंग सांगितला पाहिजे. मागच्या वर्षी पक्षी सप्ताहातच चौथीतल्या एका मुलाच्या दप्तरात बेचकी निघाली. सायकलच्या ट्यूबचं रबर, बाभळीची बेचकी, सुबक काम. आणि कापडात गुंडाळलेला मेलेला होला. मुलं ओरडायला लागली, "बाई, ह्यानं पाखरू मारलं!" तो खाली मान घालून म्हणाला, "घरी भाजून खातो, बाई."

तुम्ही शिक्षक असाल तर तो क्षण तुम्हाला कळेल. फलकावर 'पक्षी वाचवा' लिहिलेलं आणि समोर हे. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत होती. कायदा सांगायचा, ओरडायचं की पालकांना बोलवायचं? मी वर्ग शांत केला आणि सालीम अलींची गोष्ट सांगितली. ते लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग कोणती? मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड साहेबांनी ती ओळखून दिली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्प्यांमागून कप्पे उघडून दाखवले. तिथून त्या मुलाचं आयुष्यच बदललं. पुढे १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवलं.

मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी बाई, पाखरू मारलं म्हनून त्यास्नी पाखरं कळली?"

वर्ग गप्प. मी म्हटलं, "ते कोणतं आहे हे विचारायला गेले म्हणून कळली. तू मारलेला हा कोणता आहे, सांग." त्याने मान वर केली आणि न अडखळता सांगितलं, हा छोटा होला, मोठा वेगळा असतो त्याच्या मानेला काळं कडं असतं, हा जोडीनं फिरतो, ह्याचं घरटं तुमच्या बोरीवर बी हाय. माझ्या बोरीवर घरटं आहे हे त्याला माझ्याआधी माहीत होतं!

त्या दिवसापासून शाळेची पक्षीवही त्याच्याकडे आहे. फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट'मध्ये आमच्या शाळेने भाग घेतला. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर नोंदवायचे, इतकं सोपं असतं; भारतातून २०१३ पासून लोक हे करतात. त्या पंधरा मिनिटांत शाळेच्या परसबागेत आम्हाला तेरा जाती दिसल्या, त्यातल्या नऊ त्याने एकट्याने ओळखल्या. बेचकी अजून त्याच्या गळ्यात असते. तिच्याने चिंचा पाडतो असं तो सांगतो. मी रोज खिसे तपासत नाही.

आता परसाची सध्याची परिस्थिती सांगून थांबते. धाकट्या भावजींचं लग्न ठरलं आहे आणि मागे दोन खोल्या काढायच्या आहेत. गरज खरी आहे, घरात माणसं वाढणार म्हणजे छप्पर वाढणारच. पहिल्या नकाशात बोर बरोबर मधल्या भिंतीत येत होती. मी काही बोलायच्या आधीच आत्यांनी भावजींना विचारलं, "खोली दोन फूट अलीकडं घेतली तर तुजी खाट मावत न्हाई का?" त्यावर दोन रात्री जेवताना चर्चा झाली. भावजी म्हणतात, मुळं पायाला लागतील. मिस्टर म्हणतात, बोरीचं मूळ सरळ खाली जातं. गवंडी म्हणतो, तुमचं आधी ठरवा. मी गेल्या थंडीत गडग्याच्या कडेने बोरीच्या आठ बिया टोकल्या होत्या, त्यातल्या तीन उगवल्या आहेत, वितभर झाल्या आहेत. त्यांना काटेही आले आहेत.

परवा गवंड्याने फक्की मारली. बोरीच्या बुंध्यापासून दीड फुटावरून पांढरी रेघ गेली आहे. पाया दिवाळीनंतर खणायचा आहे आणि वरच्या फांदीवर या घडीला होल्याची दोन अंडी आहेत.